पहिला कॅमेरा आणि मिरकरवाड्यातून सुटलेली बोट

डीएसएलआर घ्यायचा, घ्यायचा असं मी वर्षभर नुसतं म्हणत होते. यंदा धाकटा भाऊ संदेश तांडेल झाला, म्हणजे अख्खी बोट आता त्याच्या हुकमावर चालणार, आणि माझा निर्णय झाला. नारळी पौर्णिमेला तो पहिल्यांदा तांडेल म्हणून निघेल, तेव्हाचा त्याचा चेहरा मला फोटोत हवा होता.

कारण आमचे बाबाही तांडेल होते. बोटीवरचा त्यांचा एकच फोटो घरात आहे, निघतानाचा, आणि त्यात नेमकी तोंडावर सावली आहे. त्या फेरीहून ते परतले नाहीत. मग आई आम्हाला घेऊन खेडला माहेरी आली. संदेश मोठा होऊन तिथल्याच बोटीवर लागला, पण रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. यंदा "येतेस?" असं मी विचारलं, तर ती भाजी चिरत राहिली.

आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. पुढची सीट धरा. हायवेचं काम जिथे अपुरं आहे तिथे मागच्या सीटवर कंबर ढिली होते. रत्नागिरीत उतरून आधी सुरमई थाळी हाणली आणि मग कॅमेऱ्याचं दुकान गाठलं.

कॅमेऱ्यासोबत १८-५५ची लेन्स येतेच. जास्तीची एकच परवडणार होती. दुकानदार म्हणाले, "बोटी टिपायच्या तर ५५-२५० घ्या. लांबचं जवळ दिसतं."

"भाऊ माझाच आहे, मी त्याच्या पुढ्यात उभी असणार. लांबचं कशाला?" मी ऐटीत म्हणाले आणि ५०ची घेतली. हिला झूम नसतो, आपणच पुढेमागे व्हायचं. पण चेहरा स्वच्छ येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. व्हिडिओ बघून बघून मी याच धूसरपणावर भाळले होते.

उकाड्याने जीव नको झाला होता, म्हणून लॉजवर एसी खोली घेतली. कॅमेरा रात्रभर टेबलावर, अगदी गार हवेच्या झोतात. इथेच माती खाल्ली.

सकाळी मिरकरवाड्यात दमट, खारट हवा. पताका लावलेल्या बोटी, ढकलाढकली, नारळ. संदेश नव्या शर्टात नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा होता, माझ्यापासून चार हातांवर. मी कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर सगळं पांढरं. रात्रभर गार पडलेल्या काचेवर वाफ धरली होती. ओढणीने पुसली, पुन्हा धरली. लेन्स बदलली, तीही तशीच.

"ताये, झाला काय गो?" संदेश ओरडला.

"थांब रे जरा!"

"भरती थांबायची नाय!"

त्याने नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. इंजिन सुरू झालं. मी वेड्यासारखी काच पुसत होते आणि बोट सरकत होती. रडूच आलं मला. शेवटी कॅमेरा गळ्यात सोडला आणि दोन्ही हात हलवले. त्यानेही हात वर केला. तेवढ्यात काच निवळली आणि मी बटण दाबलं. पण बोट केव्हाच लांब गेली होती, आणि लांबचं आणायची लेन्स दुकानातच राहिली होती.

तुम्ही कोकणात कॅमेरा नेणार असाल तर एसीतून बाहेर पडताना तो बॅगेत बंद ठेवा, हवेशी जुळू द्या. आणि पहिली लेन्स घेताना आपण कुठे उभं राहणार एवढाच विचार करू नका, समोरचं माणूस कुठवर जाणार तेही बघा.

घरी आल्यावर आईच्या हातात कॅमेरा दिला. भलाथोरला समुद्र, त्यात ठिपक्याएवढी बोट आणि वर केलेला एक हात. "चेहरा नाही आला गं," मी म्हणाले.

आईने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. मग भिंतीवरच्या बाबांकडे नजर टाकून म्हणाली, "जातानाचा एक आहे घरात. ह्याचा येतानाचा काढ."

"परत जाऊ म्हणतेस मिरकरवाड्याला?"

"बोट कधी लागते ते विचारून ठेव," ती म्हणाली. "मी पण येत्ये."