बाया हसल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय खरं.

साठ सालाच्या आगेमागे राजापेठेत आम्ही दोघं पाट्या रंगवायचो, मी आणि वसंता. मी चित्रकलेच्या परीक्षा पास झालेलो. तो पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता रंगवता शिकलेला. तरी गिऱ्हाईक आलं की आधी विचारणार — वसंता कुठाय? माझ्या पोटात दुखायचं. हो, मत्सरच. दुसरा शब्द कशाला शोधू?

अकोल्याच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, विजेची नवी यंत्रं आली. कामाला बाया, बहुतेकींना अक्षरओळख नाही. मॅनेजरला बटणांशेजारी लावायला छोटी चित्रं हवी होती — एक 'चालू'चं, एक 'बंद'चं. दोन बोटं रुंदीचा पत्रा, त्यात काढणार काय? मी बाण काढला आणि लाल गोल. वसंतानं काढला चालता बैल आणि बसलेला बैल. चार-पाच रेषा फक्त! बघताक्षणी कळलं, हे मला जन्मात सुचलं नसतं. इतका जळलो मी...

मॅनेजर म्हणाला, आधी बायांना दाखवा. वसंता तापानं पडलेला, म्हणून मी एकटाच गेलो.

माझा बाण पाहून बाया गप्प. गोल पाहूनही गप्प. मग बैल दाखवले — आणि त्या हसल्या. खळखळून. एक म्हणाली, "बसला ना वं बैल! आता काय चालते मशीन?"

मॅनेजरला मी काय सांगितलं? "बैल पाहून बाया हसल्या, साहेब." एवढंच. यातला एक शब्द तरी खोटा होता का?

"जिनिंगाचं हसं नको," तो म्हणाला. माझे बाण आणि गोल लागले. बाया पुढे कितीतरी दिवस मुकादमाला विचारत होत्या, बंद कोणतं म्हणून.

वसंताच्या घरी जाऊन मी तेच सांगितलं. तो अंथरुणात उठून बसला. "खरंच हसल्या? मले वाटलं होतं, बायाइले समजीन."

"हसल्या," मी म्हणालो — आणि चहा प्यायलो.

त्यानंतर त्यानं चित्र काढलं नाही. नुसती अक्षरं रंगवायचा. एक दिवस आपले बारीक ब्रश त्यानं धुतले, पुसले, माझ्यापुढे ठेवले. "तुयाच कामाचे हायेत."

मी घेतले. चांगले होते, पुष्कळ वर्षं वापरले.