चोळपुरमच्या बांधावरची गाडी

ट्रायल्सची मोटारसायकल म्हणजे काय, हे मी आजवर शंभर जणांना समजावलं असेल, आणि सगळे शेवटी एकच विचारतात, "पण पळते किती?" अहो, पळायसाठी नसतेच ती! दगडधोंडे, बांध, चिखल यांवरून मुंगीच्या चालीनं तोल सांभाळत जायचं आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढाच तो खेळ. पाय टेकला की गुण गेला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या अण्णाला, म्हणजे थोरल्या भावाला, या खेळाचं वेड लागलं आणि कुंभकोणमच्या आमच्या घरात महाभारत सुरू झालं.

अप्पा तिरुभुवनमला रेशीम विणकरांच्या सोसायटीत हिशेब बघायचे. ओळखीपाळखी काढून त्यांनी अण्णासाठी एका कचेरीत मुलाखत ठरवली होती. नेमका त्याच सुमारास कोइमतूरहून निरोप आला, की एक जुनी ट्रायल्सची गाडी विकायला निघाली आहे, लगेच या. अण्णानं मुलाखतीकडे पाठ फिरवली आणि कोइमतूर गाठलं. तिथं मावशी राहायची, म्हणून मीही शेपटासारखी गेले.

गाडी विकणारा स्वतः खेळणारा होता, पण गुडघा मोडून घरी बसलेला. गाडी मूळची रस्त्यावरची साधी टू-स्ट्रोक. तिचं सीट उतरवून पाटाएवढं केलेलं, सायलेन्सर वर उचललेला, मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र, म्हणजे ती हळू पण जोरात चढावी. तो म्हणाला, "रंग बघू नका, खालून बघा." अण्णा चांगल्या पँटीनिशी अंगणात उताणा झोपला, मी टॉर्च धरला. इंजिनाखालच्या पत्र्याला पोचेच पोचे! मी म्हटलं, "अय्यो, हे काय?" तो माणूस हसला. "पोचे नसते तर मीच म्हटलं असतं घेऊ नका. नुसती पुसून ठेवलेली असती. पायदानाच्या जोडाला चीर आहे का, ते बघा." चीर नव्हती. मी मागचं चाक धरून हलवलं, खुळखुळलं नाही. अण्णानं हातानंच किक दाबून बघितली आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला कळलं, आता याला ब्रह्मदेव आला तरी थांबवणार नाही.

सुताच्या गठ्ठ्यांबरोबर लॉरीत घालून गाडी आली. अप्पांनी एकदाच तिच्याकडे बघितलं. म्हणाले, "ही रस्त्यात सोडील तुला, लिहून ठेव." त्यानंतर ते अण्णाशी बोलायचे थांबले. मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्या आमच्या घरची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची आहे, असं पुण्याचे पाहुणे हसून सांगतात. भांडायला आम्ही तमिळ वापरतो, जोर येतो. अबोला मात्र अस्सल मराठी. अण्णा समोर पानावर बसलेला असायचा आणि अप्पा मला सांगायचे, "त्याला म्हणावं, वरण निवतंय." मी एकदा भडकलेच. "अप्पा, त्याला कान आहेत!" अप्पा शांतपणे म्हणाले, "मग ऐकलं असेल त्यानं."

गाडीची सगळी चाकरी आम्ही दोघं करायचो, परसातल्या विहिरीपाशी. एअर फिल्टरचा स्पंज रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, तेलात बुचकळून पिळायचा. ती माझी कामगिरी, कारण मी दोडक्याच्या भज्यांसारखा हलक्या हातानं पिळते, असं अण्णा म्हणायचा. भजी पिळतात का कुणी? पण त्याचं कौतुक तसंच असायचं. चाकाच्या तारांवर पान्यानं टिचकी मारायची. जी तार बद्द वाजेल ती आवळायची. कार्बोरेटरमधल्या जेटचं भोक केराच्या झाडूच्या काडीनं साफ करायचं, सुई घालायची नाही, भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल ढोसते. आईचा ताकाचा पेला ऑइल मोजायला गेला तो गेलाच. आई ओरडायची, पण नवा पेला तिनंच आणून दिला.

सरावाला आमच्याकडे डोंगर कुठला? चोळपुरमच्या बाजूला कालव्याचा बांध होता, वरून जेमतेम हातभर रुंद. अण्णा त्यावरून चालायचा, हो, चालायचाच म्हणते मी, आणि शेतावरचे लोक काम टाकून बघत उभे राहायचे. "उतरून ढकल की रे, तंबी, लवकर पोचशील!" असं ओरडायचे. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. पण तो बांधाच्या टोकाला पाय न टेकता पोचला की तेच लोक टाळ्या पिटायचे. अप्पांनी एकदा तरी येऊन बघावं, असं अण्णाला वाटायचं. तो बोलायचा नाही, पण बांधावर चढण्याआधी रस्त्याकडे एकदा बघायचा.

मग नवरात्रातली आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्या गावात सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं, चाकाखाली लिंबू येतं. अण्णानं मुद्दामच गाडी पूजेला काढली नाही. "ज्यांनी करायची ते करणार नाहीत," म्हणाला, आणि परसातच ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडीसकट चिखलात माखून आला, फडकं घेऊन गाडी खसाखसा पुसली आणि झोपला.

तिथून गाडीला दृष्टच लागली. घरी झकास चालायची, चोळपुरमच्या वाटेवर थोडं गेलं की धाप लागल्यासारखी करून बंद. पेट्रोल संपलं का म्हणून झाकण उघडून बघावं, तर पेट्रोल आहे. झाकण लावून किक मारावी, तर सुरू! पुन्हा थोड्या वेळानं बंद. प्लग बदलला, ठिणगीचे पॉइंट घासले, टाकी धुतली. नाकी नऊ आले. आणि घरात अप्पांनी माझ्यामार्फत निरोप पाठवणंसुद्धा सोडलं. अण्णाचं ताट वाढलं की ते आपले उठून ओटीवर जायचे. एके संध्याकाळी अण्णा गाडी ढकलत घरी आला, घामानं निथळत. म्हणाला, "खरं झालं त्यांचं. रस्त्यात सोडलं हिनं. ही विकतो आणि मी कोइमतूरला जातो, एखाद्या गॅरेजात राहीन. इथं माझ्याशी बोलतंय कोण?" आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली. मला दोघांचाही असा राग आला, की दोघांना विहिरीत ढकलावं!

सकाळी तो बॅग भरत होता. विकायची तर निदान स्वच्छ तरी द्यावी म्हणून मी गाडीपाशी गेले. टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स झालं. घट्ट बसलेल्या लोणच्याच्या बरणीचं होतं तसं. टाकी आत हवा ओढत होती. म्हणजे तिला हवा मिळतच नव्हती! झाकणाला वरून एक बारीक भोक असतं, हवा आत जायला. ते बुजलेलं होतं, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. मी केसातली पिन काढून खरवडलं. नखावर जे आलं, तो बांधावरचा काळा चिखल नव्हता. पिवळसर होतं, पिठासारखं मऊ. मी नाकाशी नेलं.

गोपीचंदन. आमच्या वैष्णव घरात अंघोळ झाली की अप्पा उगाळून कपाळाला, दंडाला, छातीला ज्याचं नाम लावतात, ते. बाकी गाव गाड्यांना कुंकू लावतं. गाडीला नाम लावणारा माणूस कुंभकोणमात एकच असणार. आयुधपूजेच्या दुसऱ्या पहाटे, कुणी उठायच्या आत, गुपचूप, परसात जाऊन त्यांनी घरातल्या माणसासारखं तिला टाकीच्या झाकणावर नाम लावलं होतं. अण्णानं ते चिखल म्हणून पुसलं, भोकात दाबून बसवलं. आणि अप्पांना काय दिसलं असेल? मुलानं नाम पुसून टाकलं!

मी अण्णापुढे नख धरलं. "वास घे." त्यानं घेतला. ते झाकण हातात घेऊन तो तसाच ओटीवर गेला. अप्पा अंघोळ करून सहाणेसमोर बसले होते. मी दाराआड उभी.

"अप्पा," अण्णा म्हणाला. कित्येक महिन्यांनी. "ह्या भोकातून ती हवा घेते. इथं लावलंत म्हणून बंद पडत होती."

अप्पांनी झाकण घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "मला वाटलं, तू मुद्दाम पुसलंस."

"मला चिखल वाटला."

अप्पा मग सहाणेवरचं ओलं बोट तसंच धरून उठले. "कुठं लावू, दाखव," म्हणाले.

अण्णानं टाकीच्या पुढच्या बाजूला हात ठेवला. अप्पांनी तिथं नाम ओढलं, सरळ, नीट. बोटावर थोडं उरलं होतं. ते त्यांनी अण्णाच्या कपाळाला लावलं.