तिरंदाजाची पिशवी

पन्नाशी जवळ आल्यावर मी पहिल्यांदा धनुष्य हाती घेतलं, आणि तेही कागदावर.

माझी मुलगी एक खेळ चालवते. त्याला पट नाही, मोबाइल लागत नाही. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. जंगल आहे, ओढा आहे, पलीकडे लुटारू बसलेत, तुम्ही काय करता? तुम्ही सांगायचं. जमलं की नाही, हे वीस बाजूंचा एक फासा आणि तुमच्या पात्राची तयारी मिळून ठरवतात. इंग्रजीतला हा सगळा कारभार मुलीने वर्षभर खपून मराठीत आणला होता. ती आणि तिच्या मैत्रिणी धरमपेठेतल्या एका कॅफेत खेळायच्या. पण रविवारच्या गर्दीत एवढा वेळ टेबल अडवून ठेवणं कॅफेवाल्याला पटेना. त्याने गोड बोलून नकार दिला. त्यानंतर कधी हिच्या घरी पाहुणे, कधी तिच्या घरी रंगकाम, असं करत खेळ बंदच पडत चालला. मुलगी बोलून दाखवत नव्हती, पण तिची फाशांची डबी कपाटात वर गेली तेव्हा मी समजले.

आमच्या वस्तीत विहाराला लागून अभ्यासिका आहे. तिथे मागच्या बाजूला एक खोली रविवारी दुपारी रिकामी असते. मुलीने तीच मागितली. अभ्यासिकेचं सगळं ज्या पाहतात त्या निवृत्त शिक्षिका, वस्तीत सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी मला, माझ्या धाकट्या बहिणीला आणि निम्म्या वस्तीला शिकवलंय. आम्हाला वाटलं होतं, बाई जुगाराचं नाव काढतील. त्याची उत्तरं आम्ही तयार ठेवली होती. त्यांनी वेगळंच काढलं.

त्या म्हणाल्या, "जुगार नाही, ते कळलं मला. पण नशीब असं काही नसतं, हे मी या जागेत पोरांना जन्मभर शिकवलं. तिथेच बसून तुम्ही फासा टाकून ठरवणार का, की बाण लागला की चुकला?"

मुलगी बरंच समजावत राहिली. शेवटी बाई म्हणाल्या की एक रविवार त्या स्वतः बसून बघतील. खेळणारे मात्र नवखे हवेत, मुरलेले लोक फक्त चांगली बाजू दाखवतात. त्यानंतर हो किंवा नाही, आणि नाही म्हटलं तर पुन्हा विषय काढायचा नाही.

नवखे म्हणून मी आणि माझी बहीण. बहीण कुहीकडच्या एका खेड्यात दिलेली, तिथे तिचं धानाचं शेत आहे. ती कशालाच घाबरत नाही. फोनवर तिला सांगितलं तर तिने फक्त एवढं विचारलं, "मारामारी आहे ना त्याच्यात? मग येतो मी."

मी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल रवाना करायचं काम बघते. कोणती गाडी कुठे, तिच्यात काय, कोणत्या क्रमाने. काम हातात आलं की त्याची यादी होते, हा स्वभावच झालाय. तेव्हा शनिवारी संध्याकाळी मुलीला समोर बसवलं आणि म्हटलं, मला तिरंदाज व्हायचंय, सांग सगळं.

तिरंदाज काहून, असं तिने विचारलंच. मी म्हटलं, लांबून काम होत असेल तर जवळ जायचं कशाला? ती हसली. म्हणाली, आई, तू अर्धं शिकलीसच.

उरलेलं अर्धं असं होतं. पात्राला गुण वाटून द्यायचे असतात: ताकद, चपळाई, दम, समज वगैरे. नवखा माणूस सगळीकडे थोडं थोडं वाटतो आणि मग कशातच धड राहत नाही. तिरंदाजाने सगळ्यात मोठा आकडा चपळाईला द्यायचा, डोळे मिटून. नेमही तिच्यावर, वार चुकवणंही तिच्यावर. त्याच्या खालचा समजेला, कारण जो दिसला नाही त्याला बाण मारता येत नाही. मग दम. ताकदीला उरलेलं. मला ताकद कमी ठेवायचं जिवावर आलं, आयुष्यभर हमालांमध्ये काम केलेलं. पण मुलीने ऐकलं नाही.

चिलखत कातड्याचं, हलकं. लोखंडाचं चांगलं दिसतं, पण त्यात चपळाई अडकते. धनुष्य लांब घ्यायचं, पल्ला मोठा मिळतो. उभं राहायचं ते उंचावर आणि कशाच्या तरी आड. आपला माणूस शत्रूला भिडलेला असेल तर त्या घोळक्यात बाण सोडायचा नाही, जागा बदलून मोकळी दिशा शोधायची. एक बाण सोडला की तिथेच मुक्काम ठोकायचा नाही, सरकायचं. लढाई संपली की बाण वेचायचे, काही मोडतात, काही चालतात. आणि जवळच्या लढाईसाठी एक छोटं हत्यार हवंच. शत्रू अंगावर आला की धनुष्य म्हणजे नुसती काठी.

हे सगळं मला इतकं आवडलं की मी कुकर लावायचं विसरले. मुलगी पोहे करायला उठली आणि मी कागदावर माझ्या तिरंदाजाचं सामान भरत बसले. तिरंदाजही बाईमाणूसच होती, सडसडीत, उन्हाने रापलेली, चोरपावलांनी चालणारी. दोर, मशाल, सुका शिधा, पाण्याची पिशवी, जखमेचं औषध, खंजीर. मुलीने विचारलं, पिशवीत काय कसं ठेवलंस? मी क्रमाने सांगितलं, तिने क्रमाने लिहून घेतलं. बरोबर की चूक ते मात्र सांगितलं नाही. खेळ चालवणाऱ्याने सांगायचं नसतं म्हणे.

रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर आम्ही खोलीत जमलो. बाईंना जयभीम केला. त्या खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसल्या, चष्मा लावून, परीक्षेला देखरेखीला बसावं तशा. बहिणीने सकाळीच बसमध्ये आपलं पात्र मुलीकडून फोनवर करून घेतलं होतं: भाला, मोठी ढाल आणि ताकदीला सगळ्यात मोठा आकडा. तिला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

मुलीने गोष्ट सुरू केली. एका गावातून आणलेलं बियाणं डोंगरातल्या गढीपर्यंत पोचवायचं होतं. वाटेत जंगल, मग ओढा, मग एक वाडी, मग गढी. पहिली काही मिनिटं मला लाज वाटत होती. आपल्या शिक्षिकेसमोर बसून "मी झाडामागून बघते" असं म्हणायचं म्हणजे काय. पण मुलगी फार छान सांगत होती. ओढ्याच्या पाण्याचा वास येतोय असं तिने म्हटलं आणि मला तो आला.

पलीकडच्या काठावर तीन लुटारू जेवत बसलेले. मी सांगितलं की आवाज न करता आमच्या मागच्या दरडीवर चढते, करवंदीच्या जाळीआड बसते आणि नेम धरते. मुलीने फासा पुढे केला. मी टाकला. वीसपैकी सहाच पडले.

बहिणीने कपाळाला हात लावला. खिडकीजवळून बाईंचा आवाज आला, "गेला बाण."

पण मुलगी बेरीज करत होती. सहा, त्यात चपळाईचे. उंचावर आहे त्याचे. आडोशाला आहे, लुटारूंना पत्ता नाही, त्याचे. बेरीज पुरली, बाण बरोबर लागला. एक लुटारू ताटावर आडवा झाला.

बाई खुर्ची घेऊन टेबलाजवळ आल्या. प्रत्येक आकडा कुठून आला ते त्यांनी विचारून घेतलं. मुलगी उत्तरं देत होती आणि मी टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावत होते. काम होणार, असं मला वाटायला लागलं होतं. गोदामात बरोबर वेळेला बरोबर गाडी लागते तेव्हा वाटतं तसं.

बहीण ढाल घेऊन सरळ पाण्यात उतरली. दुसऱ्या लुटारूला तिने ओढ्यातच गाठलं आणि तिथे दोघांची जुंपली. तिसरा मात्र हुशार निघाला. त्याने बाण कुठून आला ते हेरलं आणि वरच्या अंगाने ओढा ओलांडून, मागच्या बाजूने दरड चढून माझ्या शेजारीच उगवला. मी सरकायला हवं होतं. पहिल्या बाणाच्या आनंदात तिथेच बसून राहिले होते.

मी म्हटलं, "खंजीर काढते आणि मारते." आणि मुलीने काही म्हणायच्या आत फासा टाकूनही मोकळी झाले.

एकोणीस.

बहिणीने टेबलावर थाप मारली. बाईसुद्धा पुढे वाकल्या. मुलगी मात्र फाशाकडे बघतच नव्हती. तिने विचारलं, "खंजीर कुठून काढलास?"

"पिशवीतून."

"पिशवीत कुठे आहे?"

तिने लिहून घेतलेलं होतं, मला आठवतही होतं. मी म्हटलं, "तळाशी."

माझी मुलगी पेन्सिल बोटांत फिरवायला लागली. ती काय तोलतेय ते मला कळत होतं. आईला वाचवलं तर गोष्ट छान संपेल, बाई खूश होतील, खोली मिळेल. एकोणीस तर पडलेच होते, कोण विचारणार होतं? मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "तू पिशवी उपसतेयस. दोर बाहेर आला, मशाल बाहेर आली. तोवर त्याने कुऱ्हाड उचलली. हा फासा धरता येणार नाही, हातात खंजीरच नाही."

तिने लुटारूसाठी डबीतला दुसरा फासा टाकला. माझी तिरंदाज करवंदीत कोसळली. जीव होता, शुद्ध नव्हती.

बाईंनी मला विचारलं, अगदी वर्गात विचारायच्या तशा, "खंजीर तळाशी का ठेवलास?"

मला सांगावं लागलं. अमरावती रोडला गाडी जाते तेव्हा पुढच्या अकोल्याचा माल आधी चढवतात, आत. अमरावतीचा शेवटी, दाराशी. जे आधी उतरायचं ते शेवटी चढतं. जंगल आधी, गढी शेवटी, असा रस्ता मुलीने शनिवारीच सांगितला होता. गढीतल्या अरुंद बोळांमध्ये खंजीर लागेल म्हणून तो अकोल्याच्या जागी ठेवला, आणि जंगलात लागणारे दोर-मशाल वर.

बहीण हसून हसून खुर्चीवरून सरकली. "ताई वं, लुटारूले म्हणायचं होतं ना, थांब गा भाऊ, आधी माल उतरवू दे. बिल्टीचा कागद दाखवतो."

मला हसू आलं, पण मुलीकडे पाहिल्यावर ते गेलं. ती खाली बघून कागद सारखे करत होती. माझ्या एका पिशवीपायी तिची खोली गेली, असंच तिघींनाही वाटत होतं. बहिणीचंही हसू मग ओसरलं.

बाईंनी माझ्या फाशाकडे बोट केलं. तो अजून तसाच पडला होता, एकोणीस वर करून. मग त्यांनी मुलीला विचारलं, "सहा पडले तेव्हा हिचा बाण लागला. बरोबर?"

"हो बाई."

"आणि एकोणीस पडले तेव्हा ही मेली."

"मेली नाही, बेशुद्ध आहे."

"तेच ते. आणि तुझी आई आहे म्हणून तू सोडलं नाहीस." बाईंनी चष्मा काढला. "नशिबाचा खेळ असता तर एकोणीसवर ही वाचायला हवी होती. ही पडली ती स्वतःच्या पिशवीमुळे. हे पोरांना शिकवायला मला अख्खं वर्ष लागतं."

मुलीने मान वर केली, पण बाईंनी तिला बोलू दिलं नाही. अटी सांगायला लागल्या. वंदनेनंतर बसायचं आणि संध्याकाळची मुलं अभ्यासाला यायच्या आत खोली झाडून द्यायची. अभ्यासिकेतल्या कुणाला खेळायचं असेल तर पात्र त्याने स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहायचं. आणि हा फासा लाकडावर फार वाजतो, पलीकडे पोरं स्पर्धा परीक्षेचं वाचत असतात, त्याचं काहीतरी करायचं.

मुलगी हो, हो म्हणत होती. तिचे कान लाल झाले होते, लहानपणी बक्षीस घ्यायला जाताना व्हायचे तसे. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण बाईंसमोर बरं दिसलं नसतं. म्हणून मी तिला पाणी दिलं. तिने ते न पिताच फोन उचलला आणि मैत्रिणींना कळवायला लागली.

"ते राहू दे वं पोरी," बहीण म्हणाली. "तो कुऱ्हाडवाला माझ्या बहिणीच्या उरावर उभा आहे. माझी पाळी हाये का नाही?"

मुलीने फोन पालथा ठेवला. बाईंनी आपल्या पिशवीतून हात पुसायचा पंचा काढला, चौघडी केली आणि टेबलावर अंथरला. मग खुर्ची आणखी पुढे ओढून त्या बहिणीला म्हणाल्या, "ढाल खाली ठेवू नकोस. चढताना लागेल." बहिणीने फासा मुठीत घोळवला, फुंकर मारायला तोंडाजवळ नेला, बाईंकडे पाहिलं आणि फुंकर न मारताच पंच्यावर सोडला.