मेंदीच्या दाढीची फौज

रेणापूरहून लातूरला परत येताना माझी स्कूटी खडीवरून घसरली आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. ऑपरेशन करून प्लेट टाकली. प्लास्टर निघालं तेव्हा हात जाग्यावर होता, पण माझं ऐकत नव्हता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना टेकायचीच नाहीत.

आमचं लातुरात मेडिकल आहे. मी फार्मसी शिकलेली, त्यामुळं काउंटर मीच सांभाळायचे. आता गोळ्यांची पट्टी कापताना कात्री हातातून निसटायची आणि गिऱ्हाईक मुद्दाम दुसरीकडं बघायचं. त्यांचं ते दुसरीकडं बघणं मला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला होता. दोन-चार वेळा दाबून मी तो सोफ्याखाली सारून द्यायचे.

दिवाळीत नांदेडहून भाची आली. भावाची एकुलती एक, इंजिनिअरिंगला शिकणारी. बॅगेतून तिनं एक खोका काढला आणि माझ्यासमोर उपडा केला. करंगळीएवढे करड्या प्लास्टिकचे, परीकथेतल्यासारखे बुटके सतरंजीवर सांडले. कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात हातोडा, सगळ्यांच्या दाढ्या पोटापर्यंत.

"ही माझी फौज आहे आत्या," ती म्हणाली. "आम्ही टेबलावर लढाई खेळतो. फासे टाकायचे, मोजपट्टीनं अंतर मोजून माणसं पुढं सरकवायची. उन्हाळ्यात नांदेडला मोठी स्पर्धा आहे, पण रंगवलेली फौज असेल तरच उतरता येतं. मला अभ्यासातून वेळ नाही. तू रंगवशील?"

"ह्या हातानं?"

"रांगोळीत मोराचं पीस न् पीस काढायचीस तू."

"तवा हात चांगला होता."

"मग डाव्या हातानं कर. लई घाई नाही."

ती गेली. खोका माझ्याकडंच राहिला. त्यात रंगाच्या बारक्या बाटल्या होत्या आणि एकदम बारीक ब्रश. दुकान उघडण्याआधी सकाळचा चहा झाला की मी खिडकीपाशी बसायला लागले.

पहिले बुटके फार वाईट झाले. रंग जाड बसला, नाक-डोळे बुजून गेले, दाढीचा लगदा झाला. नवऱ्यानं एक उचलून उजेडात धरला.

"हे काय करायलीस?"

"हाताचा व्यायाम."

"ह्याला काय झालंय? कांजिण्या?"

मला हसू आलं आणि रागही आला. ते सगळे मी दुकानातल्या स्पिरिटमध्ये बुडवले आणि जुन्या टूथब्रशनं घासले. रंग निघून प्लास्टिक पुन्हा कोरं झालं. मग मी डोकं लावलं. औषध पातळ कसं करायचं हे मला शिकवायची गरज नव्हती. सिरिंजनं थेंब मोजून रंगात पाणी घातलं, एक पातळ थर दिला, वाळू दिला, मग दुसरा. शेवटी काळपट पाण्यासारखा रंग वरून सोडला. तो आपोआप खाचांमध्ये उतरला आणि चिलखताची एकेक कडी उठून आली. प्लास्टिकचा तुकडा माझ्या डोळ्यांसमोर माणूस झाला. मी नवऱ्याला हाक मारली. तो दाढी करत होता, तोंडाला फेस तसाच घेऊन आला. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "हाव, हा लढंल."

खोक्यावरच्या चित्रात बुटके गुलाबी कातडीचे होते, दाढ्या पिवळ्या. मला ते बघवेना. माझं माहेर नांदेडचं. देगलूर नाक्यावर चहा पीत बसलेले म्हातारे मामू मला आठवले. कोवळं ऊन पडलं की त्यांच्या मेंदी लावलेल्या दाढ्या तांब्यासारख्या चमकायच्या, टोकाला नारिंगी आणि मुळाशी पांढऱ्या. माझ्या बुटक्यांना मी तशाच दाढ्या दिल्या. कातडीला आमच्या घरातलाच सावळा रंग दिला. चिलखताखालचे अंगरखे निळे केले. एप्रिलमध्ये जयंतीला आमच्या गल्लीत पताका लागतात, तो निळा. प्रत्येक बुटक्याच्या पायाखाली प्लास्टिकची गोल चकती असते. तिच्यावर नणंदेच्या, लातूरजवळच्या मुरुडच्या रानातली काळी माती चाळून डिंकानं चिकटवली. वाळल्यावर तिला भेगासुद्धा पडल्या, अगदी खऱ्या रानासारख्या.

शेवटी उरला सरदार. तो बाकीच्यांपेक्षा उंच, त्याचा चेहरा उघडा, आणि त्याला डोळे काढायचे होते. मोहरीपेक्षा बारीक पांढरं आणि त्यात काळा ठिपका. डावा हात तेवढ्यावर टिकेना. दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. वैतागून मी ब्रश उजव्या हातात घेतला. कोपर टेबलावर टेकवलं, मनगट रंगाच्या बाटलीवर. अंगठा सरकत सरकत बोटापर्यंत आला आणि मधे ब्रशची लाकडी काडी घट्ट धरली गेली. श्वास धरून मी ठिपका टेकवला. मग दुसरा.

सरदार माझ्याकडं बघत होता.

मी ब्रश खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. हात दरवेळी ऐकत होता. त्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी नवऱ्याला बाजूला सरकवलं आणि पट्टी स्वतः कापली.

स्पर्धा नांदेडला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होती. बुटके कापसात गुंडाळून, डबा मांडीवर घेऊन मी बसनं गेले. आत थर्माकोलचे डोंगर, पुठ्ठ्याचे पूल, आणि टेबलांभोवती वाकलेली माणसं. भाचीनं डबा उघडला. तिनं सगळी फौज मांडली, आणि मग माझा हात घट्ट धरला. उजवाच.

सकाळच्या दोन लढाया ती जिंकली. शेवटच्या लढाईला समोर हैदराबादचा एक गृहस्थ आला. त्याची फौज हिरव्या राक्षसांची होती. त्यानं माझा एक बुटका उचलून निरखला.

"आंटी, बौने ऐसे काले नहीं रहते."

"हमारे इधर के ऐसेच रहते," मी म्हणाले. "दिनभर पहाड़ खोदने वाला गोरा कैसे रहेगा?"

भाची गालातल्या गालात हसली आणि फासे हातात घेतले.

खेळ समजायला अवघड नव्हता. मधे एक पूल होता. शेवटच्या फेरीनंतर पुलावर ज्याचा माणूस उभा, तो जिंकला. राक्षस लाटेसारखे आले. आमचे बुटके एकेक करून टेबलावरून उतरत गेले. कोणाची दाढी कोणत्या सकाळी रंगवली हे मला माहीत होतं. भाची मात्र घाई करत नव्हती. मोजपट्टी ठेवायची, विचार करायची, मगच हात लावायची. होता होता पुलावर एकटा सरदार उरला आणि त्याच्यासमोर, पुलाच्या तोंडाशी, सगळ्यात मोठा राक्षस. त्या गृहस्थानं मूठभर फासे टाकले. घाव बसले. आता ते अडवायला भाचीला फासे टाकायचे होते. एकाही फाशावर आकडा कमी पडला तर सरदार गेला.

तिनं फासे टाकले. एक फासा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला आणि थांबला. सहा.

"खडा है," तो गृहस्थ हळूच म्हणाला. शेवटची फेरी संपली होती. भाचीनं दोन्ही हात वर केले. आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि त्यात मी कधी सामील झाले ते मला कळलं नाही.

त्यानं आधी भाचीशी हात मिळवला, मग सरदाराला हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. "आँखें भी बनाए आप? ब्रश से?"

"ब्रशसेच."

सगळ्यात सुंदर रंगवलेली फौज कोणती, यासाठी खेळणाऱ्यांनीच मतं टाकली होती. संध्याकाळी माइकवरून पुकारलं, "लातूरच्या मेडिकलवाल्या आत्या." बक्षिसाची लाकडी ढाल घ्यायला पुढं जाताना चप्पल कुठल्या टेबलाखाली राहिली ते मला आठवत नाही, मी अनवाणीच गेले. भाऊ आम्हाला न्यायला आला होता. पोरीच्या ह्या खेळाला तो आजवर वेळेचं मातेरं म्हणायचा. तो दारातच थांबून फोटो काढत राहिला, आणि त्याचे डोळे भरले होते.

जिना उतरताना हैदराबादच्या गृहस्थानं मला गाठलं. त्याच्याकडं आणखी एक कोरी फौज होती. रंगवून द्याल का, असं त्यानं अदबीनं विचारलं.

"देती ना," मी म्हणाले. "लेकिन रंग मैं ठहराऊँगी."

"आप बोले वैसा, आंटी," तो म्हणाला आणि खोका आणायला गाडीकडं गेला.