पान्ह्यातला ह

"पाना चोरते गो तुजी सून."

मावससासूबाई हे हळू आवाजात म्हणाल्या होत्या. पण त्यांचं हळू म्हणजे आतल्या खोलीत स्वच्छ ऐकू येईल असं. मी पलंगावर बसले होते. खांद्यावरून ओढणी, ओढणीखाली दोन आठवड्यांची माझी मुलगी, आणि समोर सताड उघडं दार. बाहेर सासूबाईंनी कप बशीत ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

माझे कान तापले. त्याच दिवशी सकाळी नवरा घरभर पाना शोधत फिरला होता. पाळण्याचे बोल्ट आवळायचे होते. "तू पाहिलास का गं पाना?" असं मलाही विचारून गेला होता. आता मी तो चोरलाय? कशाला? बाळंतिणीला पान्याचं काय काम?

मी इंग्रजी शाळेतली. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण ती जेवायला ये, टीव्ही बंद कर, एवढ्यापुरती. बाळंतपणाची मराठी माझ्यासमोर कधी कोणी बोललंच नव्हतं. अंगाबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं इंग्रजीत होतं. लॅच, फीड, सप्लाय. सप्लाय म्हटलं की मला सोसायटीत येणारा पाण्याचा टँकरच आठवायचा, आणि आमचा टँकर येत नव्हता. मुलगी ओढायची, थांबायची, माझ्याकडे बघायची आणि रडायची. डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरलंय, आधी अंगावर घ्या, मग वाटी-चमच्याने वरचं द्या, आणि पुढच्या आठवड्यात दाखवायला आणा. वाटी-चमच्यात वाईट काही नव्हतं. पोर त्यावर शांत झोपायची. पण चमचा तोंडाशी नेला की ती आधी माझ्याकडे तोंड वळवायची, आणि मला वाटायचं, ती अजून माझ्यावर विश्वास ठेवून आहे. तो विश्वास संपायच्या आत मला काहीतरी करायचं होतं.

पण आधी पाना. मुलीला झोपवून मी उठले. टाके ओढत होते. कपाट पाहिलं, खिडकी पाहिली. शेवटी तो सापडला झबल्यांच्या टोपलीत, लंगोटांच्या खाली. नवऱ्यानेच तिथे टाकला असणार, पण आता पुरावा माझ्याच खोलीत निघाला होता. बोलायची हिंमत नव्हतीच. मी तो हातात धरून हॉलमध्ये गेले आणि मावशींच्या पुढ्यात, चहाच्या ट्रेमध्ये, बिस्किटांच्या शेजारी ठेवला.

दोघी पान्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"ह्यो काय?" मावशी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडात धरला, पण हसू काही आवरेना. "अगं बाई! पान्हा गं, पान्हा! ह आहे त्यात. आमच्या ताईच्या तोंडात तो टिकत नाही."

"मी तेच बोलली ना, पाना!" मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. "ह्यो पाना. त्यो नाय."

नवरा आतून आला, ट्रेमधून पाना उचलला, "अरे वा, सापडला!" म्हणाला आणि निघून गेला. तेव्हा मात्र मीही हसले.

मावशींनी मला शेजारी बसवून घेतलं. नव्या शहरासाठी जमिनी जायच्या आधी त्यांच्या दारात म्हशी होत्या. "आगो पोरी, नवीन मानूस दिसला का म्हस दूद वर वडते. धार काडायला बसा, कासंडी रिकामी. मग रेडकू सोडा, का भरभरून. दूद नाय असं नाय. हाय. लपवून ठेवते. त्याला पाना चोरनं बोलतात." माझा चेहरा बघून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चोर नाय गो ती. आय हाय."

हे म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. पुढे काही उपाय वगैरे सांगितला नाही. म्हशीचा उपाय तर सरळ होता, नवीन माणसांनी गोठ्यातून बाहेर जायचं. माझ्या गोठ्यात मात्र आमचं अख्खं कामोठे गाव येऊन जात होतं. शेजारच्या काकू, नवऱ्याच्या आतेबहिणी, कुणाची तरी जाऊ. सगळ्या प्रेमाने यायच्या, पलंगाच्या कडेला बसायच्या आणि ओढणीकडे बघत विचारायच्या, "येतंय का गं?"

दार लावलं असतं तर? पण या घरात दार लावत नाहीत. सासरच्यांचं खाडीकडचं जुनं घर एका खोलीतून दुसरीत जाणारं होतं, आणि इथे बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावरही ती सवय सुटली नव्हती. दार लागतं ते रुसल्यावर. नवीन लग्न झालं तेव्हा मी एकदा कपडे बदलायला दार लावलं होतं, तर बाहेर सासूबाई नवऱ्याला हळूच विचारत होत्या, "भांडलात का रे?" तेव्हापासून मी कडीला हात लावला नव्हता.

अख्ख्या घरात न भांडता लावता येईल असं एकच दार होतं. बाथरूमचं.

दुसऱ्या दिवशी मुलीची शी धुवायची म्हणून तिला आत नेलं, कडी घातली, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. बादलीत नळ बारीक सोडला, आमचा आवाज बाहेर जायला नको म्हणून. ओढणी काढून खुंटीला टांगली. तिचं तोंड मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, पिताना. भुवया ताणलेल्या, एक हात मोकळा, बोटं हवेत काहीतरी मोजत असल्यासारखी. मी टाके विसरले, पाठ विसरले. बादली अर्धी भरली असेल, आणि छातीत मुंग्या आल्या. आधी भीती वाटली. मग तिच्या घशात घुटक असं वाजलं. मग परत. घुटक, घुटक. दुधाची एक धार तिच्या गालावरून माझ्या कोपरापर्यंत आली. मी आवाज न करता रडले, आणि रडताना हसतही होते, आणि ती मात्र डोळे मिटून कामाला लागली होती.

त्यानंतर मुलगी दिवसातून फार वेळा शी करायला लागली.

"एवढी कसली गं शी करते ही?" सासूबाईंना काळजी लागली. डॉक्टरांकडे त्या मुद्दाम बरोबर आल्या. "जुलाब होतायत बाळाला," त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. डॉक्टरांनी मुलीला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, मागचा आकडा बघितला. "आजी, जुलाबात वजन वाढत नसतं. छान वाढलंय. वरचं हळूहळू कमी करा." सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी टोपीची नाडी बांधत होते. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "लबाड!" मला की मुलीला, ते कळलं नाही. बहुतेक दोघींना.

तरीही मी बाथरूम सोडलं नाही. ते माझं आणि तिचं झालं होतं. आणि खरं सांगायचं तर, खोलीत दार लावून पाजायचं तर तोंडाने काहीतरी सांगावं लागलं असतं.

बारसं सव्वा महिन्यानंतर ठेवलं होतं. हॉलमध्ये पाळणा टांगलेला, झेंडूच्या माळा लावलेला. बोल्ट त्याच पान्याने आवळलेले. बायकांनी पाळणे म्हटले, मोठ्या नणंदेने कानात नाव सांगितलं, पाठीवर थापा पडल्या. मग एसी तिथेच म्हणून सगळ्या आमच्या खोलीत शिरल्या. पलंगावर बायका, खाली बायका, खिडकीत मोबाइल चार्जिंगला लावून उभ्या असलेल्या दोघी. मावशी मधोमध, उशीला टेकून. आणि बाथरूमच्या दाराशी आतेनणंदा नंबर लावून.

मुलगी जागी झाली. एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात रडायला लागली.

"भूक लागली वाटतं. बाटली कुठाय?"

"बाटली नाही, वाटी-चमचा. हिला अंगावरचं नाही ना पुरत, बिचारीला."

"आजकालच्या मुलींना नसतंच गं."

कोणी वाईट मनाने बोलत नव्हतं. म्हणूनच त्यांना उत्तर देणं अवघड होतं. मी भिंतीला टेकून उभी होते, नेहमीसारखी, गर्दीत कुणाच्या मध्ये येऊ नये अशी. मुलीचा आवाज वर चढला. आणि माझ्या छातीत त्या मुंग्या आल्या. इथे, या सगळ्यांसमोर, ती माझ्यापासून चार हात लांब असताना. नव्या पैठणीच्या ब्लाउजवर एक ओला डाग आला. मग दुसरा. पदर सारखा करायला हात वर गेला, आणि मध्येच थांबला. लपवायचं काय होतं त्यात?

मी पुढे झाले. खाली बसलेल्यांच्या पायांतून वाट काढत गेले आणि मुलीला उचलून घेतलं. तिने लगेच माझ्याकडे तोंड वळवलं, चमचा देताना वळवायची तसं. मावशी उशीवरून सरळ होऊन बसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, घसा साफ केला, आणि प्रत्येक अक्षर नीट लावून, ह सकट, म्हणाले,

"मला पान्हा फुटलाय. सगळ्यांनी जरा बाहेर बसा. आणि जाताना दार लावून घ्या."