बेंबीतला ठोका

आमच्या मायच्या हाताला गुण आहे असं जळकोटच्या आसपासची चार-सहा गावं मानतात. कुणाची बेंबी सरकली की ते माणूस सकाळी अनशापोटी आमच्या ओसरीवर येऊन उताणं पडतं. माय पदर खोचते, पाची बोटं जुळवून बेंबीवर टेकवते, डोळे मिटते आणि ठोका शोधते. ठोका बरोबर मधे लागला तर माणूस ठीक. वर लागला तर पोट साफ होत नाही, खाली लागला तर जुलाब थांबत नाहीत, अशी तिची सगळी वैद्यकी. मग तेलाचा हात लावून अंगठ्याने रेटत रेटत ठोका मधे आणायचा. दुखणं फारच हट्टी असेल तर तांब्या. पोटावर कणकेचा गोळा, त्यात पेटती वात, वरून पालथा तांब्या. वात विझली की तांब्या कातडीला असा गच्च धरतो की काढताना माणूस कळवळतो.

मी नांदेडला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. म्हणजे माझं पोट शरीरशास्त्रावर आणि मायचा मान बेंबीवर, त्यामुळं आमचं या बाबतीत कधी जमलं नाही. बेंबी म्हणजे नाळ पडल्यावर राहिलेला वण, तो कुठंही सरकत नाही, हे मी तिला नोकरीला लागल्यापासून सांगत आलोय. तिच्या बोटांना लागतो तो ठोका महाधमनीचा. हृदयातून निघालेली ही सगळ्यात मोठी रक्तवाहिनी छातीतून खाली उतरते, पाठीच्या कण्याला टेकून पोटात येते आणि बेंबीच्या आसपास दोन फाटे फुटून पायांकडं जाते. जाडी साधारण अंगठ्याएवढी. सडपातळ माणसाचं पोट दाबलं की ती लागणारच, यात विद्या कसली? माय सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझ्या पुस्तकात आसंल तसं. माझ्या बोटाला लागतंय ते लागतंय."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोयाबीनने भरलेला पोत्याचा कट्टा उचलला आणि तेव्हापासून त्यांची कंबर आणि पोट दुखायला लागलं. वय सत्तरीच्या पुढं, अंगात मांस नाही, बिडी सुटत नाही, आणि दवाखान्याचं नाव काढलं की कपाळावर आठ्या. त्यांनी स्वतःच निदान केलं, "बेंबी सरकलीय. बसव." दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर उताणे पडले. मी चहाचा कप घेऊन खांबाला टेकून उभा होतो.

मायने बोटं टेकवली, थोडं रगडून पाहिलं आणि थांबली. पुन्हा टेकवली. नेहमी ती डोळे मिटून घ्यायची, या वेळी ते उघडे होते. मग दोन्ही हातांची बोटं बेंबीच्या दोन्ही अंगांना ठेवून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"ठोका बेंबीत बी हाय अन् बाजूला बी हाय," माय म्हणाली. "लई मोठा हाय. बोटं फाकवून राहिलाय माझी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मला कधी आसं लागलं न्हाई. तू बघ बरं एकदा."

मी काय करायला हवं होतं? कप खाली ठेवायचा, चार पावलं पुढं जायचं आणि बापाच्या पोटाला हात लावायचा. मी हसलो. हो, हसलो. मग तिथंच उभ्या उभ्या अक्कल पाजळली. महाधमनी, कणा, दोन फाटे, सडपातळ माणूस, सगळं. "अगं माय, अण्णांच्या अंगात काय उरलंय? हाडावर कातडं. ठोका जोरात लागणारच." अण्णांना माझं बोलणं आवडलं, कारण त्यात दवाखाना नव्हता. माय पदराला हात पुसत आत गेली. भाऊबीज आटोपून मी नांदेडला परतलो.

तीन आठवड्यांनी सकाळी सातच्या तासाला मी रक्ताभिसरण शिकवत होतो. मुलांना स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायला सांगितली. नाडी कशामुळं लागते? हृदय आकुंचन पावलं की रक्ताचा लोट धमनीत शिरतो, धमनीची भिंत ताणली जाते, पुन्हा मूळ जागी येते. "बोट वर उचललं जातं," मी म्हणालो, "नीट बघा, वर उचललं जातं. बाजूला सरकत नाही. बाजूला सरकायला धमनी तेवढी जाड..." आणि माझं वाक्य तिथंच थांबलं.

बोटं फाकवून राहिलाय माझी.

धमनीची भिंत कमजोर झाली की तिथं फुगवटा येतो. फुगा फुगत जातो तशी त्याची भिंत पातळ होत जाते. जुनी बिडी-सिगारेट असलेल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या पोटात तो जास्त होतो. कधी पोट दुखतं, कधी कंबर, पुष्कळदा काहीच दुखत नाही. तो फुटला तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. यातलं सगळं मला ठाऊक होतं. मायला यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं, तरी तिने मला शब्द न शब्द सांगितला होता.

घाबरल्यावर शरीरात काय होतं हेही मी शिकवतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रस सोडतात, हृदय वेगाने पळतं, पोटाकडचं रक्त हातापायांकडं वळतं, लाळ आटते. आपल्याकडं याला पोटात गोळा येणं म्हणतात, आणि तो शब्द किती नेमका आहे ते मला त्या सकाळी फळ्यासमोर कळलं. वर्गातली शंभर मुलं मनगट धरून माझ्याकडं बघत होती.

बाहेर येऊन फोन लावला. अण्णांनी उचलला.

"अण्णा, पोट कसं हाय?"

"दुखून राहिलंय. आता तुझी माय तांब्या लावून राहिली. पडलोय उताणा. मंग करतो फोन."

"अण्णा, नको! अण्णा!"

फोन कट झाला होता. मी पुन्हा लावला. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. त्या पातळ भिंतीवर पालथा तांब्या बसतोय, कातडी आत ओढतोय, माय दोन्ही हातांनी तो उपटून काढतेय, हेच चित्र डोळ्यांसमोरून हलेना. एका सहकाऱ्याची गाडी मागून घेतली आणि निघालो. नांदेड ते जळकोट हा रस्ता मी शेकडो वेळा केलाय, पण त्या दिवशी एक हात स्टिअरिंगवर आणि एक फोनवर. दर दहा मिनिटांनी रिंग, आणि रिंग संपली की फोनमधली बाई सांगायची की ग्राहक उत्तर देत नाही. एका वळणावर ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा मी त्या ड्रायव्हरला इतक्या शिव्या घातल्या की तो बिचारा हात जोडायला लागला. अण्णा गेले असतील अशी माझी खात्री होत चालली होती. ओसरीवर माणसं जमली असतील. माय त्यांना सांगत असेल की माझ्या हाताने गेले. आणि खरं काय ते मलाच माहीत असेल.

ओसरीवर कुणी नव्हतं. मी आत गेलो. अण्णा बाजेवर कुशीवर पडले होते, फुरंगटून. माय चुलीपाशी बसली होती. कणकेचा गोळा ताटलीत तसाच होता.

"लावला का तांब्या?" मी विचारलं.

"न्हाई," माय म्हणाली. "ह्यांनी आठ दिस झाले डोकं खाल्लं, तांब्या लाव, तांब्या लाव. वात पेटवली. म्हणलं लावायच्या आंधी एकदा ठोका बघू. हात ठिवला अन् माझा हातच मागं आला. वात इझवून टाकली. मला भ्या वाटलं, बाबा." मग म्हणाली, "फोन वाजून राहिला व्हता. मी उचलला न्हाई. तू पुन्हा हसला असता."

मी तिच्याशेजारी खाली बसलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

लातूरला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. अण्णांना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं मायच्या मांडीवर. वाटेत त्यांना खोकला आला की मी आरशात बघायचो. खड्डा आला की माझेच दात आवळले जायचे. अण्णा म्हणत होते, "आरं चालव की नीट, बैलगाडी हाय का?" त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर महाधमनी दिसली. पोरांना मी तांबड्या खडूने जी सरळ रेघ काढून दाखवतो, ती इथं मधेच फुगून काळा गोळा झाली होती, आणि तो गोळा प्रत्येक ठोक्याला हलत होता. डॉक्टरांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं. दोन सेंटिमीटरच्या जागी साडेसहा. "सर, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी मला विचारलं. मी मायकडं बोट केलं. "कधी?" मी तारीख सांगितली. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी म्हणालो, "उशीर माझ्यामुळं झाला." मायने लगेच माझा हात दाबला, जणू परक्या माणसासमोर घरातलं बोलू नये.

पुढं हैदराबाद. जांघेतून नळी सरकवून त्या फुग्याच्या आत दुसरी कापडी नळी बसवली, म्हणजे रक्त तिच्यातून जाईल आणि पातळ भिंतीवर जोर येणार नाही. हे मी मायला वहीवर काढून समजावलं. तिने सगळं नीट विचारलं, कुठून घालतात, कशाने चिकटते, निसटली तर काय. निसटली तर काय, यावर मी वहीचं पान उलटलं. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झाल्यापासून उघडेपर्यंत आम्ही दोघं एका बाकड्यावर बसून होतो. अण्णा वाचले. आता शेतात जातात, बिडीवरून मायचा ओरडा खातात.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, "मुलगा तुम्हीच का? हे घराण्यात असू शकतं. तुम्हीही कधीतरी एकदा तपासून घ्या." मी हो म्हणालो. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर येता-जाता दोन सोनोग्राफीच्या पाट्या दिसतात. मी आत शिरलेलो नाही. वेळ नाही असं बायकोला सांगतो. खरं कारण तो पडदा आहे, त्याच्यावर माझं काय दिसेल याची मला फार भीती वाटते. अंघोळीच्या वेळी स्वतःच्या पोटावर बोटं ठेवून पाहतो, पण भीतीने ठोका सगळीकडंच लागतो.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. सकाळी अण्णा शेतात गेल्यावर मी चहा न घेताच ओसरीवर सतरंजी टाकली आणि शर्ट वर करून उताणा पडलो. माय दारात आली, बघत राहिली. पदर खोचला, शेजारी बसली आणि पाची बोटं जुळवून माझ्या बेंबीवर टेकवली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. डोळे मिटलेले होते. मग ते उघडले आणि तिने बोटं जरा बाजूला सरकवली. मी श्वास धरून पडून होतो.

"श्वास सोड," ती म्हणाली. "आसा कोंडून धरल्यावर मला काय लागंल?"

मी सोडला. तिने पुन्हा पाहिलं.

"बरा हाय. लहान हाय. मधीच हाय," ती म्हणाली आणि हात काढून घ्यायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. "माय," मी म्हणालो, "अजून एकदा बघ."