गाळलेली पानं

पुस्तक वाचताना मला धीर धरवत नाही. गोष्टीतलं पोर संकटात सापडलं की मी वीस-पंचवीस पानं गाळतो, ते सुखरूप आहे ना बघतो आणि तिथून पुढं वाचतो. नववीत शाळा सोडून मराठवाड्यातून इथं हुबळीला, गोकुळ रोडवरच्या कारखान्यात आलो, तेव्हापासूनची ही खोड.

वाचायला लावलं ते घरमालकिणीनं. जुन्या हुबळीत त्यांच्या मागच्या खोलीत मी राहतो. त्या निवृत्त शिक्षिका, सगळे अक्का म्हणतात. हालअपेष्टांतून उभ्या राहणाऱ्या मुलामुलींच्या कादंबऱ्यांचं त्यांचं एक कपाटच आहे. नियम एकच. पुस्तक परत करताना गोष्ट तोंडी सांगायची. त्या शेंगा सोलत ऐकतात. परक्या गावात कुणीतरी आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकतंय, हे मला जेवणाइतकंच लागायचं.

यंदा त्यांच्याकडंच राहणारी त्यांची भाची दहावीला गणितात राहिली. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरणार नाही म्हणून अडून बसली. दोनच दिवस उरले होते. अक्का म्हणाल्या, "माझं ऐकत नाही ती. तूच एखादं पुस्तक सुचव."

मी माझं लाडकं सुचवलं. शाळा सोडून गॅरेजात लागलेला मुलगा, शेवटी स्वतःचं गॅरेज काढतो. सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली.

"भारी! म्हणजे शाळा सोडली तरी चालतंय की अण्णा. तुमच्या कारखान्यात पोरी घेतात काय?"

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.  मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लेथवर माझ्या हातून दोन लोखंडी तुकडे वाया गेले. ज्या बाईनं मला माणसात आणलं, तिच्याच घरात मी हे करून ठेवलं होतं. संध्याकाळी हातपाय न धुताच पुस्तक काढलं, भाचीला समोर बसवलं आणि गाळलेली पानं मोठ्यानं वाचायला लागलो. त्यात गॅरेजसमोरून त्याच्या वर्गातली मुलं दप्तरं घेऊन जातात आणि तो ट्रकखाली सरकून पडून राहतो. काम नसतानाही. रोज.

पान उलटायचं सोडून मी तीच ओळ पुन्हा वाचली.

"तूपण लपायचास?" तिनं विचारलं.

"यंत्रामागं. अजूनसुद्धा शाळा सुटायच्या वेळी रस्ता बदलतो."

"अय्यो! एवढा घोडा झालास तरी?"

"हो की."

तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि पुढं स्वतःच वाचायला लागली. फॉर्मचं विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. "भरला फॉर्म. पण गणित रोज तुझ्यासमोर करणार. तिकडं मापं काढतोस ना दिवसभर? मग चुकलं की सांगायचं."

हो म्हणालो. मग डबा पुढ्यात ठेवून, नववीतलं बीजगणित नेमकं कुठं सुटलं होतं ते आठवायला लागलो. आठवेना.